घरच्या सर्व्हरवरील संकेतस्थळ बाहेरून कसे उघडेल? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जुन्या लॅपटॉपवर किंवा रास्पबेरी पाय या लहानशा संगणकावर संकेतस्थळ उभे करणे आता फारसे अवघड राहिलेले नाही. एन्जिनएक्स किंवा कॅडी हा वेब सर्व्हर प्रोग्राम बसवावा, पाने फोल्डरमध्ये ठेवावीत, आणि घरच्या वायफायवर ती लगेच दिसू लागतात. अडचण त्यानंतर सुरू होते, कारण तेच पान शेजारच्या गावातून किंवा परदेशातील नातेवाइकांकडून उघडत नाही. पुढील प्रश्नोत्तरे या टप्प्यापुरती आहेत. बोलणे हवेत राहू नये म्हणून एकच उदाहरण धरले आहे: एखाद्या गावच्या सार्वजनिक वाचनालयाची पुस्तकसूची, ग्रंथपालाच्या घरातील रास्पबेरी पायवर ठेवलेली, आणि दिवसाकाठी तिला भेट देणारे मोजके वाचक. वाचकाला राउटरच्या सेटिंग्जचे पान उघडता येते आणि लिनक्सची तोंडओळख आहे, असे येथे गृहीत धरले आहे.

घरच्या वायफायवर पान उघडते, पण बाहेरून उघडत नाही. असे का होते?

घरातील प्रत्येक उपकरणाला राउटर जो पत्ता देतो तो खासगी असतो. १९९६ साली ठरलेल्या नियमानुसार १० ने सुरू होणारे, १७२.१६ ते १७२.३१ या टप्प्यातील आणि १९२.१६८ ने सुरू होणारे पत्ते घरगुती किंवा कार्यालयीन जाळ्यांसाठी राखून ठेवलेले आहेत, आणि लाखो घरांत तेच ते पत्ते एकाच वेळी वापरात असतात. त्यामुळे १९२.१६८.१.२० हा पत्ता आपल्या घरात रास्पबेरी पायचा असला, तरी इंटरनेटवर त्याला काहीही अर्थ नाही. घरातून बाहेर जाणारी प्रत्येक विनंती राउटर स्वतःच्या पत्त्यावरून पाठवतो आणि कोणत्या उपकरणासाठी ती पाठवली याची नोंद ठेवतो, म्हणून उत्तर बरोबर परत येते. बाहेरून आपणहून आलेल्या विनंतीबाबत मात्र अशी कोणतीही नोंद नसते. ती कोणाकडे द्यायची हे राउटरला ठाऊक नसल्यामुळे तो ती टाकून देतो.

सर्वांत आधी काय तपासावे?

आपल्या राउटरला खरोखर सार्वजनिक पत्ता, म्हणजे बोलीभाषेतला पब्लिक आयपी, मिळालेला आहे का, हे तपासावे. पोर्ट, डोमेन, प्रमाणपत्र हे सर्व नंतरचे. प्रत्यक्षात बहुतेक लोक पोर्ट फॉरवर्डिंगपासून, म्हणजे बाहेरची विनंती घरातल्या ठरावीक उपकरणाकडे वळवण्यापासून, सुरुवात करतात आणि संध्याकाळच्या संध्याकाळ राउटरच्या पानावर घालवतात, आणि ज्या पत्त्यासाठी हा खटाटोप चालू आहे तो आपल्या वाट्याला आलेलाच नाही, हे फार उशिरा लक्षात येते.

तपासणी सोपी आहे. राउटरच्या सेटिंग्जमध्ये इंटरनेट किंवा वॅन या नावाच्या पानावर राउटरला मिळालेला पत्ता दिसतो. तो लिहून घ्यावा. मग त्याच जोडणीवरून, आपला आयपी दाखवणाऱ्या कोणत्याही संकेतस्थळावर जाऊन तेथे दिसणारा आयपीव्ही४ पत्ता पाहावा. हे करताना संगणकावर व्हीपीएन सुरू नसावे, नाहीतर तुलना निरर्थक ठरते. दोन्ही पत्ते सारखे असतील तर आपल्याकडे पब्लिक आयपी आहे. राउटरवरील पत्ता १००.६४ ते १००.१२७ या टप्प्यातील असेल, तर आपण इंटरनेट पुरवठादाराच्या सीजीनॅटच्या, म्हणजे अनेक घरांना एकाच सार्वजनिक पत्त्यामागे बसवणाऱ्या यंत्रणेच्या, मागे आहोत. हा टप्पा २०१२ साली नेमका याच कामासाठी राखून ठेवण्यात आला. काही पुरवठादार त्याऐवजी १० ने सुरू होणारे पत्ते वापरतात, त्याचाही अर्थ तोच. राउटरवर १९२.१६८ ने सुरू होणारा पत्ता दिसला तर बहुधा घरातच दोन राउटर एकामागे एक जोडलेले आहेत. त्याविषयी पुढे सांगितले आहे.

सीजीनॅट म्हणजे काय, आणि पुरवठादार ते का वापरतात?

आयपीव्ही४ या जुन्या पद्धतीत एकूण पत्ते सुमारे ४२९ कोटी आहेत, आणि त्यांचा मध्यवर्ती साठा फेब्रुवारी २०११ मध्ये संपला. आशिया-पॅसिफिक विभागाची वाटणी करणारी एपनिक ही संस्था त्याच वर्षी एप्रिलमध्ये शेवटच्या राखीव गटावर आली. भारतात घरोघरी फायबर आणि स्वस्त मोबाइल डेटा पोहोचला तो त्यानंतर. साहजिकच नव्या ग्राहकांना देण्यासाठी पुरेसे पत्ते नव्हते, म्हणून एकाच सार्वजनिक पत्त्यामागे अनेक घरे बसवण्याची पद्धत, म्हणजेच सीजीनॅट, रूढ झाली. घरातला राउटर जे काम घरापुरते करतो, तेच काम पुरवठादाराचे यंत्र अनेक घरांसाठी करते.

हे चित्र मोठ्या गृहनिर्माण संस्थेसारखे आहे. फाटकावर पाहुणा आला आणि त्याने फक्त संस्थेचे नाव सांगितले, फ्लॅटचा क्रमांक सांगितला नाही, तर रखवालदार त्याला आत सोडत नाही. आपण आपल्या फ्लॅटचे दार कितीही सताड उघडे ठेवले तरी उपयोग नाही, कारण पाहुणा अडला आहे तो फाटकावर, आणि फाटकावरचा रखवालदार आपल्या आज्ञेतला नाही. सीजीनॅटमागे असताना घरच्या राउटरवर केलेले पोर्ट फॉरवर्डिंग याच कारणाने वाया जाते.

सीजीनॅटमागे असल्यास कोणते मार्ग उरतात?

चार मार्ग आहेत. पुरवठादाराकडून जादा पैसे देऊन स्टॅटिक, म्हणजे न बदलणारा, आयपी घेणे हा पहिला. स्थानिक केबलवाल्याकडे कित्येकदा नुसता फोन करून, सीजीनॅटमधून बाहेर काढा, असे सांगितले तरी काम होते; मोठ्या कंपन्यांकडे ही सोय अनेकदा केवळ व्यावसायिक योजनेत असते. दुसरा मार्ग आयपीव्ही६ या नव्या पद्धतीचा, ज्यात पत्त्यांची टंचाईच नाही. तिसरा, तयार टनेल सेवा वापरणे. चौथा, लहानसा व्हीपीएस, म्हणजे डेटासेंटरमधला आभासी सर्व्हर, भाड्याने घेऊन त्याच्यापर्यंत घरातून स्वतःचा बोगदा काढणे. वाचनालयाच्या पुस्तकसूचीसारख्या लहान कामासाठी तिसरा मार्ग सर्वांत कमी त्रासाचा आहे, आणि ज्यांना मधल्या कंपनीवर विसंबायचे नाही त्यांच्यासाठी चौथा. पब्लिक आयपी ज्यांच्याकडे आधीच आहे, त्यांना यांपैकी कशाचीच गरज नाही.

पब्लिक आयपी आहे. आता पोर्ट फॉरवर्डिंग नेमके कसे करावे?

प्रथम रास्पबेरी पायचा घरातला पत्ता कायम करावा. राउटरच्या डीएचसीपी पानावर ॲड्रेस रिझर्व्हेशन नावाची सोय असते. तेथे उपकरणाचा मॅक पत्ता आणि हवा तो आयपी यांची जोडी नोंदवली, की राउटर प्रत्येक वेळी तोच पत्ता देतो. ही पायरी वगळली तर सर्व काही काही दिवस उत्तम चालते, आणि एखाद्या रात्री वीज जाऊन आल्यावर रास्पबेरी पायला दुसरा पत्ता मिळतो व बाहेरच्या विनंत्या दिवाणखान्यातल्या टीव्हीकडे जाऊ लागतात.

त्यानंतर पोर्ट फॉरवर्डिंगच्या पानावर दोन नियम करावेत. बाहेरचे टीसीपी पोर्ट ८० हे रास्पबेरी पायच्या ८० कडे, आणि ४४३ हे ४४३ कडे. काही कंपन्यांच्या राउटरमध्ये याच सोयीला व्हर्च्युअल सर्व्हर असे नाव असते. डीएमझेड नावाचा पर्यायही जवळच दिसेल, आणि तो सोपा वाटेल, कारण त्यात एकाच टिचकीत सर्व पोर्ट एका उपकरणाकडे वळतात. तो वापरू नये. दोन दारे लागत असताना घराची भिंतच पाडण्याचे कारण नाही.

घरात फायबरवाल्याने दिलेली एक पेटी आणि माझा स्वतःचा राउटर, असे दोन्ही आहेत. काही वेगळे करावे लागते का?

बहुधा लागते. फायबरची पेटी, म्हणजे ओएनटी, हीदेखील अनेकदा पूर्ण राउटर असते, आणि तिच्यामागे आपला राउटर लावला की पत्त्यांचे भाषांतर दोनदा होते. उत्तम उपाय म्हणजे ओएनटी ब्रिज मोडमध्ये टाकून घेणे, म्हणजे पुरवठादाराचा पत्ता थेट आपल्या राउटरला मिळतो. पीपीपीओई या लॉगिन पद्धतीने चालणाऱ्या जोडणीत त्यासाठी वापरकर्ता नाव आणि पासवर्ड आपल्याजवळ असावा लागतो. तो तंत्रज्ञ घरी आलेला असतानाच विचारून घेतलेला बरा. ब्रिज मोड मिळत नसेल तर दोन्ही ठिकाणी फॉरवर्डिंग करावे: पेटीकडून राउटरकडे, आणि राउटरकडून रास्पबेरी पायकडे.

हे सर्व केले, तरीही पान उघडत नाही. दोष कसा शोधावा?

आतून बाहेर, एकेक पायरी चढत जावे. क्रम मोडून मधल्याच ठिकाणी बदल करत राहिले, की कोणत्या बदलाने काय बिघडले हेही कळेनासे होते.

प्रथम रास्पबेरी पायवरच, त्याच्या स्वतःच्या १२७.०.०.१ या पत्त्यावर पान येते का ते पाहावे. मग घरातल्या दुसऱ्या संगणकावरून १९२.१६८ च्या पत्त्यावर पाहावे. पहिले चालते आणि दुसरे चालत नाही, तर दोन शक्यता असतात. सर्व्हर केवळ १२७.०.०.१ वर ऐकत असेल, जे प्रोग्रामरांच्या चाचणी सर्व्हरांत नेहमीचे आहे. किंवा त्या यंत्रावरचीच फायरवॉल अडवत असेल. लिनक्सवर यूएफडब्ल्यू ही फायरवॉल सुरू असेल तर ८० आणि ४४३ उघडावे लागतात. विंडोजवर वायफाय सार्वजनिक जाळे म्हणून नोंदले गेले असेल तर आत येणाऱ्या जोडण्या सहसा अडवल्या जातात.

दोन्ही जमले, की बाहेरून तपासावे, आणि बाहेरून म्हणजे खरोखर बाहेरून. मोबाइलचे वायफाय बंद करून मोबाइल डेटावर पान उघडावे. घरच्या वायफायवर बसून घराचाच सार्वजनिक पत्ता उघडून पाहणे विश्वासार्ह नाही, कारण आतून निघून स्वतःच्याच बाहेरच्या पत्त्यावर जाणारी आणि पुन्हा आत वळणारी विनंती अनेक स्वस्त राउटरांना हाताळता येत नाही. या वळणाला हेअरपिन नॅट म्हणतात. ते नसेल तर जगाला संकेतस्थळ दिसते आणि मालकालाच दिसत नाही, असा विचित्र प्रकार घडतो. घरातल्या उपकरणांसाठी स्थानिक डीएनएसमध्ये, म्हणजे नावावरून पत्ता सांगणाऱ्या यंत्रणेत, त्या नावाला १९२.१६८ चा पत्ता दिला, की तो सुटतो.

बाहेरून उघडत नसेल तर कोणता संदेश येतो तो नीट वाचावा, कारण दोषाचे ठिकाण त्यातच असते. कनेक्शन रिफ्यूज्ड असा संदेश तत्काळ आला, तर विनंती कोणत्यातरी यंत्रापर्यंत पोहोचली आहे, पण त्या पोर्टवर तेथे कोणी ऐकत नाही. फॉरवर्डिंग चुकीच्या पत्त्यावर गेले आहे का, किंवा सर्व्हर बंद पडला आहे का, हे पाहावे. बराच वेळ काहीच न होता टाइम्ड आउट आले, तर विनंती वाटेत कुठेतरी गुपचूप टाकून दिली जात आहे: राउटरची फायरवॉल, सीजीनॅट, किंवा पुरवठादाराने घरगुती जोडणीवर आत येणारे पोर्ट ८० बंद ठेवणे, यांपैकी एक. राउटरचेच लॉगिन पान समोर आले, तर राउटरच्या बाहेरून नियंत्रणाची सोय सुरू आहे आणि ती ८० पोर्ट अडवून बसली आहे. ती तर तत्काळ बंद करावी. नाव सापडत नाही असा संदेश असेल तर प्रश्न डीएनएसचा आहे, आणि राउटरला हात लावण्याची गरज नाही.

माझा आयपी दर काही दिवसांनी बदलतो. त्यावर उपाय काय?

डायनॅमिक डीएनएस. घरातील एखादा लहान प्रोग्राम, उदाहरणार्थ डीडीक्लायंट, ठरावीक अंतराने आपला सार्वजनिक पत्ता तपासतो आणि तो बदललेला दिसल्यास डीएनएसमधील नोंद आपोआप सुधारतो. डकडीएनएस ही सेवा विनामूल्य उपनाव देते. नो-आयपी या सेवेच्या विनामूल्य नावाला दर ३० दिवसांनी दुजोरा द्यावा लागतो, आणि तो विसरला की नाव जाते. स्वतःचे डोमेन असेल आणि डीएनएस सांभाळणारी कंपनी एपीआय देत असेल, तर मधल्या सेवेची गरजही नाही. नोंदीचा टीटीएल, म्हणजे ती इतरत्र साठवून ठेवण्याचा काळ, ३०० सेकंदांच्या आसपास ठेवावा, म्हणजे बदल काही मिनिटांत सर्वत्र पोहोचतो.

डायनॅमिक डीएनएसने सीजीनॅटचा प्रश्न सुटत नाही, हे मुद्दाम सांगावे लागते. सीजीनॅटमागून ती नोंद अचूक सुधारली जाईल, आणि अचूकपणे रखवालदाराकडेच बोट दाखवील.

डोमेन विकत घ्यावेच लागते का? मराठी नाव चालेल का?

प्रयोगापुरते असेल तर विनामूल्य उपनाव पुरेसे आहे. वाचनालयाच्या फलकावर आणि पावतीपुस्तकावर जे नाव छापले जाणार आहे ते मात्र स्वतःचे असावे, कारण सर्व्हर पुढे कुठेही हलवला तरी नाव तेच ठेवता येते.

देवनागरी नावही चालते. डॉट भारत हा देवनागरी शेवट २०१४ पासून उपलब्ध आहे आणि तो डॉट इन सांभाळणाऱ्या निक्सी या संस्थेच्या अखत्यारीत आहे. डीएनएसच्या पोटात असे नाव प्युनीकोड नावाच्या पद्धतीने रोमन अक्षरांत साठवले जाते, त्यामुळे एन्जिनएक्सच्या सेटिंगमध्ये तेच रूपांतरित नाव लिहावे लागते. जाहिरातीसाठी देवनागरी नाव आणि ज्यांच्या मोबाइलवर मराठी कळफलक नाही त्यांच्यासाठी एक साधे रोमन नाव, अशी दोन्ही एकाच सर्व्हरकडे वळवलेली असली तर उत्तम.

आयपीव्ही६ वापरले तर सीजीनॅटचा प्रश्न संपतो का?

मोठ्या प्रमाणात संपतो, आणि या मार्गाकडे आपल्याकडे विनाकारण दुर्लक्ष होते. आयपीव्ही६ च्या वापरात भारत जगातील आघाडीच्या देशांपैकी आहे. मोबाइल जाळ्यांवर तर ते सर्रास चालते. घराच्या फायबरवर ते सुरू असेल, तर रास्पबेरी पायला स्वतःचा, जगातून थेट गाठता येणारा पत्ता मिळतो. तो २ किंवा ३ या अंकाने सुरू होतो. एफई८० ने सुरू होणारा पत्ता मात्र केवळ घरापुरता असतो, त्याचा येथे उपयोग नाही.

येथे पोर्ट फॉरवर्डिंग नसते, पण राउटरची फायरवॉल असते, आणि ती आत येणारे सर्व काही मुळातच अडवते. म्हणून त्या एका पत्त्यासाठी ८० आणि ४४३ उघडणारा नियम करावा लागतो. काही पुरवठादारांच्या राउटरमध्ये हा नियम लिहिण्याची सोयच दिलेली नसते, आणि मग हा मार्ग तेथेच थांबतो. दुसरी काळजी पत्त्याच्या स्थैर्याची. गोपनीयतेसाठी अनेक संगणक अधूनमधून तात्पुरते पत्ते घेतात. डीएनएसमध्ये त्यांपैकी एखादा नोंदवू नये, यंत्राचा स्थिर पत्ता नोंदवावा. पुरवठादाराने पत्त्याचा पहिला भागच बदलला तर डायनॅमिक डीएनएस येथेही लागते, फक्त डीएनएसमधली नोंद आयपीव्ही४ च्या ए प्रकाराऐवजी आयपीव्ही६ च्या चार ए (AAAA) प्रकारची असते.

उणीव एवढीच की ज्या वाचकाच्या जोडणीवर आयपीव्ही६ नाही त्याला हे संकेतस्थळ उघडणार नाही. जुन्या कार्यालयीन जाळ्यांत आणि कित्येक केबल जोडण्यांवर असे वाचक भेटतात. त्यामुळे आयपीव्ही६ थेट आणि आयपीव्ही४ साठी टनेल, अशी जोडगोळी करणारेही आहेत.

तयार टनेल सेवा कशी काम करते? तिच्यावर विसंबावे का?

टनेलमध्ये दिशा उलटी होते. बाहेरच्याने आत येण्याऐवजी घरातील एक प्रोग्राम स्वतः बाहेर जोडणी करतो आणि ती सतत उघडी ठेवतो. वाचकांच्या विनंत्या सेवेच्या सर्व्हरवर येतात आणि त्याच उघड्या जोडणीतून घरी पोहोचतात. बाहेर जाणारी जोडणी सीजीनॅट अडवत नसल्यामुळे राउटरला हातही लावावा लागत नाही. क्लाउडफ्लेअरची टनेल सेवा विनामूल्य आहे, मात्र त्यासाठी साधारणतः आपल्या डोमेनचे डीएनएस त्यांच्याकडे सोपवावे लागते. टेलस्केलच्या फनेल या सोयीत स्वतःचे डोमेन लागत नाही, पण नाव त्यांनी दिलेले असते आणि बाहेरची पोर्ट ४४३, ८४४३ आणि १०००० एवढीच. थोडा वेळ कोणाला काही दाखवायचे असेल तर एन्ग्रॉक सोयीचे आहे.

किंमत पैशांत नसली तरी आहे. क्लाउडफ्लेअरच्या पद्धतीत एचटीटीपीएसचे कुलूप त्यांच्या सर्व्हरवर उघडते, म्हणजे आपला सर्व मजकूर तत्त्वतः त्यांना वाचता येतो. शिवाय विनामूल्य योजनेत एका विनंतीतून १०० एमबीपेक्षा मोठी फाइल चढवता येत नाही, आणि घरचा चित्रपटसंग्रह लोकांना दाखवण्यासाठी ही सेवा नाही. पुस्तकसूची मुळातच सार्वजनिक असल्याने तेथे हे सर्व चालून जाते. कुटुंबाचे फोटो किंवा कागदपत्रे ठेवणार असाल तर पुढचा मार्ग पाहावा.

स्वतःचा व्हीपीएस घेतला तर मग संकेतस्थळ घरी कशाला ठेवायचे?

प्रश्न रास्त आहे. नुसती चार पाने असतील तर ती खरोखरच व्हीपीएसवर ठेवावीत आणि मोकळे व्हावे. पण वाचनालयाने जुनी दुर्मिळ पुस्तके स्कॅन करून शेकडो जीबीचा साठा केला असेल, तर एवढी जागा भाड्याने घेणे महाग पडते आणि घरची हार्ड डिस्क स्वस्त. अशा वेळी सर्वांत लहान व्हीपीएस केवळ सार्वजनिक पत्त्यापुरता घ्यावा, शक्यतो मुंबईत डेटासेंटर असलेल्या कंपनीचा, म्हणजे महाराष्ट्रातील वाचकांसाठी वाट लांबत नाही.

घर आणि व्हीपीएस यांच्यात वायरगार्ड या व्हीपीएन प्रोग्रामचा बोगदा काढावा. घराच्या बाजूने पर्सिस्टंट कीपअलाइव्ह २५ सेकंद ठेवावे. नाहीतर काही काळ हालचाल नसली की सीजीनॅट आपली नोंद पुसून टाकते, आणि बाहेरून आलेली पहिली विनंती वाटेतच हरवते. व्हीपीएसवर येणारे ८० आणि ४४३ वायरगार्डमधून रास्पबेरी पायकडे वळवावेत. वळवताना टीसीपी जोडणी जशीच्या तशी पुढे पाठवली आणि एचटीटीपीएसचे प्रमाणपत्र घरच्या यंत्रावरच ठेवले, तर मधल्या व्हीपीएसलाही मजकूर वाचता येत नाही. या मार्गाचा मोठा फायदा हाच आहे. मात्र अशा वळणावर सर्व वाचकांचा पत्ता व्हीपीएसचाच दिसू लागतो. खरा पत्ता नोंदवहीत हवा असेल तर प्रॉक्सी प्रोटोकॉल दोन्ही टोकांना सुरू करावा लागतो.

एचटीटीपीएसचे प्रमाणपत्र घरच्या सर्व्हरला मिळते का?

मिळते, आणि विनामूल्य मिळते. लेट्स एन्क्रिप्ट ही संस्था नाव आपल्या ताब्यात आहे एवढेच तपासते, सर्व्हर घरी आहे की डेटासेंटरमध्ये याच्याशी तिला देणेघेणे नाही. नेहमीची तपासणी पोर्ट ८० वरून होते. पुरवठादाराने ८० बंद ठेवले असेल तर डीएनएसमध्ये टीएक्सटी नोंद करून मालकी सिद्ध करण्याचा मार्ग आहे, आणि त्यासाठी एकही पोर्ट उघडे लागत नाही.

कॅडी वापरत असाल तर प्रमाणपत्र मिळवणे आणि नूतनीकरण दोन्ही आपोआप होते. एन्जिनएक्ससोबत सर्टबॉट वापरतात. प्रमाणपत्राची नेहमीची मुदत ९० दिवसांची आहे. मुदत संपत आल्याचे ईमेल लेट्स एन्क्रिप्टने जून २०२५ मध्ये बंद केले, आणि प्रमाणपत्रांची कमाल मुदत टप्प्याटप्प्याने घटवत २०२९ मध्ये ४७ दिवसांवर आणण्याचे या क्षेत्राने ठरवले आहे. तेव्हा हाताने नूतनीकरण करण्याची सवय असेल तर ती आताच सोडावी.

तपासणी सारखी अपयशी ठरत असेल तर पुन्हा पुन्हा बटण दाबत बसू नये. एका नावासाठी तासाला पाच अपयशी प्रयत्नांनंतर काही काळ दार बंद होते. सरावासाठी त्यांचा वेगळा स्टेजिंग सर्व्हर आहे. एक सहज न सुचणारे कारण असे: डीएनएसमध्ये आयपीव्ही६ ची जुनी, निरुपयोगी नोंद राहून गेलेली असते, आणि तपासणी आधी त्याच पत्त्यावर जाते.

घरचा सर्व्हर जगासमोर ठेवणे सुरक्षित आहे का?

काळजी घेतली तर आहे. कोण कशाला माझ्या लहानशा संकेतस्थळाकडे बघेल, हा समज मात्र सोडावा. प्रमाणपत्र मिळाले की त्या नावाची नोंद सार्वजनिक प्रमाणपत्र-नोंदवहीत होते, आणि ती नोंदवही वाचत बसलेले स्वयंचलित प्रोग्राम (बॉट) लगेच आपल्या दारावर येतात. आपल्याकडे वर्डप्रेस नसले तरी सर्व्हरच्या नोंदीत वर्डप्रेसच्या लॉगिन पानाची चौकशी करणाऱ्या विनंत्या दिसू लागतील. त्यांना घाबरण्याचे कारण नाही, पण त्यांना काही सापडू नये याची व्यवस्था हवी.

८० आणि ४४३ सोडून काहीही बाहेर उघडू नये. एसएसएचचे पोर्ट २२ नको, डेटाबेसचे ३३०६ नको, कॅमेऱ्याचे किंवा एनएएसचे पान तर अजिबात नको. बाहेरून दुरुस्ती करायची असेल तर वायरगार्डमधून आत यावे. एसएसएचला पासवर्ड बंद करून किल्ली वापरावी. सुरक्षा सुधारणा आपोआप बसतील असे ठेवावे. राउटरमधील यूपीएनपी बंद करावे, नाहीतर घरातील एखादे उपकरण आपल्याला न विचारता पोर्ट उघडते. शक्य असल्यास रास्पबेरी पाय घरच्या इतर उपकरणांपासून वेगळ्या जाळ्यावर ठेवावा, म्हणजे तो कोणी ताब्यात घेतलाच तर बँकेचे व्यवहार होणाऱ्या लॅपटॉपपर्यंत त्याची मजल जाणार नाही. आणि माहितीची प्रत दुसऱ्या ठिकाणी असावी. एसडी कार्ड सततच्या लेखनाने खराब होतात. डेटाबेस चालवायचा असेल तर एसएसडी लावावी.

माझ्या घराचा पत्ता लोकांना कळेल का?

आयपीवरून पुरवठादार आणि साधारणतः शहर कळते, तेही कधीकधी चुकीचे. गल्ली आणि घरक्रमांक कळत नाही. एवढेही नको असेल तर टनेल किंवा व्हीपीएस वापरावा, म्हणजे डीएनएसमध्ये घराचा आयपी येतच नाही.

वीज, वेग आणि डेटा यांचा हिशेब कसा?

सरासरी ५ वॅट घेणारा रास्पबेरी पाय महिनाभर अखंड चालला तर ३.६ युनिट वीज लागते. ६० वॅट घेणारा जुना डेस्कटॉप त्याच काळात ४३ युनिट खातो, तेव्हा फुकट मिळालेला संगणक फुकट पडत नाही. भारनियमनाच्या भागात रास्पबेरी पायसोबत राउटर आणि ओएनटी यांनाही बॅकअप हवा. १२ व्होल्टचा लहान यूपीएस राउटरसाठी बाजारात सहज मिळतो. वीज परत आल्यावर सर्व काही आपोआप सुरू होते का, हे एकदा मुद्दाम प्लग काढून पाहावे.

वेगात महत्त्वाचा आहे तो अपलोडचा. ४० एमबीपीएस अपलोड म्हणजे सेकंदाला ५ एमबी, म्हणजे दोन एमबीचे पान सेकंदाला दोन-अडीच वाचकांना देता येते. पुस्तकसूचीसाठी हे भरपूर आहे. मुखपृष्ठांची छायाचित्रे आकाराने लहान करून ठेवली तर आणखी भरपूर.

घरगुती जोडणीवर सर्व्हर चालवणे करारात बसते का?

प्रत्येक पुरवठादाराचा करार वेगळा असतो, आणि घरगुती योजनांत सार्वजनिक सर्व्हर किंवा व्यावसायिक वापराला मनाई करणारे कलम अनेकदा असते. ते वाचावे. संकेतस्थळावरून विक्री होणार असेल किंवा वाचकांची वैयक्तिक माहिती साठवली जाणार असेल, तर व्यावसायिक जोडणी घेणेच योग्य. तिच्यासोबत बहुधा स्टॅटिक आयपीही मिळतो, आणि मग वरचे निम्मे प्रश्न उद्भवत नाहीत.

एकाच जोडणीवर दोन-तीन संकेतस्थळे ठेवता येतील का?

येतील. सर्व नावे एकाच आयपीकडे वळवावीत. ब्राउझर विनंतीसोबत नावही पाठवतो, आणि एन्जिनएक्स किंवा कॅडी त्यावरून योग्य संकेतस्थळ निवडतो. त्यासाठी वेगवेगळी पोर्ट वापरण्याची गरज नाही.

त्याच सर्व्हरवर स्वतःचे ईमेलही चालवावे का?

नाही. घरगुती पत्त्यांवरून आलेली पत्रे मोठ्या ईमेल सेवा बहुधा नाकारतात किंवा स्पॅममध्ये टाकतात, पोर्ट २५ अनेक ठिकाणी बंद असते, आणि रिव्हर्स डीएनएस, म्हणजे पत्त्यावरून नाव सांगणारी नोंद, आपल्या हातात नसते. ईमेल दुसरीकडे ठेवावे.

घर किंवा पुरवठादार बदलताना काय करावे?

एक-दोन दिवस आधी डीएनएस नोंदींचा टीटीएल ३०० सेकंदांवर आणावा, म्हणजे बदलाच्या दिवशी जुना पत्ता कोणाच्या साठवणीत अडकून राहत नाही. नव्या जोडणीवर आयपीव्ही६ नसेल तर चार ए ची नोंद आठवणीने काढून टाकावी. ती तशीच राहिली तर काही वाचकांना पान लगेच उघडते, काहींना अर्धा मिनिट वाट पाहावी लागते, आणि तक्रार नेमकी कोणाची खरी हेच कळत नाही. टनेल किंवा वायरगार्ड वापरत असल्यास डीएनएसमध्ये काहीच बदलावे लागत नाही. रास्पबेरी पाय नव्या राउटरला जोडावा, आणि संकेतस्थळ काही क्षणांत पुन्हा सुरू होते.